यंत्राला वाचू द्या, पण आधी करारनामे उघडा

कर्जाखाली दबलेल्या देशाचे काही कर्ज हलके करायचे आणि त्या बदल्यात त्या देशाने आपले जंगल किंवा समुद्र राखायचा, हा व्यवहार आता चाळिशीत आला आहे. तो खरोखर कोणाच्या फायद्याचा, हा वादही तितकाच जुना. अलीकडे मात्र मूळ वाद बाजूला पडून भांडण सुरू झाले आहे ते या व्यवहारांचा अभ्यास कृत्रिम बुद्धिमत्तेने करावा की नाही यावर. एक बाजू म्हणते, हजारो पानांचे अहवाल आणि उपग्रहांची चित्रे माणसाच्या आवाक्याबाहेर गेली आहेत. यंत्राला द्या, कोणता करार यशस्वी आणि कोणता फसवा हे ते सांगेल. दुसरी बाजू म्हणते, श्रीमंत देशांतल्या कंपन्यांनी घडवलेले यंत्र गरीब देशांच्या जंगलांचा हिशेब करणार, ही जुन्याच वर्चस्वाची नवी आवृत्ती आहे. वाचताना दोन्ही बाजू ठाम वाटतात. पण अभ्यासाला लागणारी माहिती समोर पडलेली आहे आणि ती वाचायची कोणी एवढेच ठरायचे आहे, हे दोघींनीही न तपासता मानून टाकले आहे. ती माहिती समोर नाही. जी आहे ती बरीचशी एकाच बाजूने लिहिलेली आहे.

म्हणून माझी भूमिका आधीच सांगून टाकतो. यंत्र वापरावे, आणि हात राखून नव्हे. पण आज ते कर्जदार देशाच्या झाडांवर आणि होड्यांवर रोखलेले आहे, तसेच ते सावकार, मध्यस्थ बँका आणि हमीदार यांच्या कागदांवरही रोखले पाहिजे. ते कागद उघडे होईपर्यंत ‘अमुक करार यशस्वी ठरला’ असा यंत्राचा कौल कोणी पुढे केला, तर त्याला जाहिरातीइतकीच किंमत द्यावी.

या व्यवहाराची सुरुवात साधी होती. १९८४ मध्ये जीवशास्त्रज्ञ थॉमस लव्हजॉय यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये ही कल्पना मांडली. लॅटिन अमेरिका तेव्हा कर्जसंकटात होती, आणि बुडीत समजले जाणारे सरकारी कर्ज बँका पडेल भावाने विकत होत्या. १९८७ मध्ये काँझर्वेशन इंटरनॅशनल या संस्थेने बोलिव्हियाचे साडेसहा लाख डॉलरचे कर्ज एक लाख डॉलरना विकत घेतले आणि सोडून दिले. बदल्यात बोलिव्हियाने बेनी जीवावरण क्षेत्राभोवतीच्या सुमारे पंधरा लाख हेक्टर प्रदेशाला संरक्षण देण्याचे कबूल केले. कागद थोडे, आकडे लहान, पक्ष दोन-तीन. अशा व्यवहाराचा अभ्यास करायला यंत्र लागत नाही, एक चिकाटीचा पत्रकार पुरतो.

आताचे करार वेगळ्या जातीचे आहेत. मे २०२३ मधला इक्वाडोरचा गॅलापागोस करार घ्या. १६२.८ कोटी डॉलर दर्शनी किमतीचे रोखे ६४.४ कोटींना परत घेतले गेले. त्यासाठी इक्वाडोरने ६५.६ कोटींचे नवे कर्ज काढले. हे कर्ज देणारी कंपनी केवळ या कामासाठी आयर्लंडमध्ये नोंदलेली. तिने बाजारात ‘सागरी रोखे’ विकून पैसा उभा केला. जुळवाजुळव क्रेडिट स्विस बँकेची, राजकीय जोखमीचा विमा अमेरिकी सरकारच्या विकास वित्त महामंडळाचा, ८.५ कोटींची हमी इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेची. संवर्धनाचा पैसा ज्या निधीत जातो, त्याची नोंदणी अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात. म्हणजे कर्जकरार, विमापत्र, हमीपत्र, संवर्धनाचा करार आणि निधीची घटना, असे एकमेकांकडे बोट दाखवणारे किमान पाच प्रकारचे दस्तऐवज झाले. एकातल्या व्याख्येवर दुसऱ्यातला दंड अवलंबून. हे सगळे झाल्यावर समुद्राला मिळणार किती? काही बातम्यांत ३२.३ कोटी डॉलर छापून आले, काहींत ४५ कोटी. दोन्ही आकडे त्याच कराराचे. मोजणी कुठे थांबवायची आणि कायम निधी पुढे वाढून किती होईल हे धरायचे का, एवढ्यावर तेरा कोटींचा फरक पडतो. वाचकाला तो कळत नाही. बातम्यांवरच पोसलेल्या भाषा-मॉडेलला तो कळेल, असे मानायलाही काही कारण नाही.

यंत्राच्या बाजूचा युक्तिवाद मी मोडीत काढत नाही. त्यातला सर्वात भक्कम भाग विषमतेचा आहे. बेलीझची लोकसंख्या सुमारे चार लाख. या देशाचे परदेशी कर्ज २००७ मध्ये फेररचना करून ‘सुपरबाँड’ या एकाच मोठ्या रोख्यात बांधले गेले, त्याची पुन्हा फेररचना २०१३ आणि २०१७ मध्ये झाली, आणि २०२१ मध्ये तेच ५५.३ कोटींचे कर्ज डॉलरला ५५ सेंट या भावाने उचलून ३६.४ कोटींच्या नव्या ‘निळ्या’, म्हणजे समुद्रसंवर्धनाशी जोडलेल्या, कर्जात बदलले गेले. टेबलाच्या एका बाजूला न्यूयॉर्क-लंडनच्या वकिली कंपन्यांची फौज आणि दुसऱ्या बाजूला लहानशा अर्थखात्यातले मोजके अधिकारी. अशा ठिकाणी यंत्राने मसुदा वाचून सांगितले, की हे कलम मागच्या तीन करारांत नव्हते, किंवा ही दंडाची तरतूद इतर देशांपेक्षा कडक आहे, तर ती छोटी मदत नव्हे. यंत्राला नकार देणाऱ्यांनी एक विचार करावा. बँका ते वापरणारच आहेत. मग ते न वापरण्याचा सोवळेपणा पाळायचा कोणी, फक्त कर्जदारांनी आणि त्यांच्या बाजूने लिहिणाऱ्यांनी?

दुसरा भक्कम भाग समुद्राचा. जंगल निदान आकाशातून दिसते. समुद्रात नियम मोडणारी होडी सकाळी असते, संध्याकाळी नसते. ग्लोबल फिशिंग वॉच या उपक्रमाच्या संशोधकांनी जानेवारी २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. २०१७ ते २०२१ या काळातली उपग्रहांची रडारचित्रे त्यांनी यंत्र-शिक्षणाने चाळली, आणि जगातल्या औद्योगिक मासेमारी जहाजांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश जहाजे सार्वजनिक मागोव्यात दिसतच नाहीत असे निघाले. जहाजांनी स्वतः पाठवलेल्या संदेशांवर विसंबून ‘संरक्षित समुद्रात मासेमारी घटली’ म्हणणारे अहवाल या एका निष्कर्षाने लंगडे पडतात. हे काम हजार कारकुनांनी झाले नसते. तसेच २०२३ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेला कार्बन-क्रेडिटचा, म्हणजे जंगल राखून वाचवलेल्या कार्बनच्या नावाने विकल्या जाणाऱ्या प्रमाणपत्रांचा, अभ्यास. सहा देशांतल्या २६ वनप्रकल्पांशेजारी, प्रकल्प झालाच नसता तर काय दिसले असते याचे आकडेमोडीने उभे केलेले चित्र ठेवले, तेव्हा बहुतेक प्रकल्पांनी जंगलतोड लक्षणीय थांबवलेली नव्हती असे दिसले. गोड दाव्यांना टाचणी लावण्याची ताकद मोजणीत असते, हे मान्यच आहे.

मग अडते कुठे? पहिल्यांदा संख्येत. कार्बन-प्रकल्पांत एकक असते जंगलाचा तुकडा, आणि तसे तुकडे लाखो सापडतात. इथे एकक आहे अख्खा देश. १९८७ पासूनचे सगळे लहानमोठे व्यवहार धरले तरी शंभर-दीडशेच्या घरात जातात, आणि नव्या पद्धतीचे मोठे करार, सेशेल्स, बेलीझ, बार्बाडोस, इक्वाडोर, गॅबाँ, बहामाज, एल साल्वाडोर, हे दोन हातांच्या बोटांवर मावतात. त्यातही प्रत्येकाला आपापले ग्रहण. सेशेल्सने सागरी क्षेत्राच्या ३० टक्के, म्हणजे सुमारे चार लाख दहा हजार चौरस किलोमीटर, संरक्षण जाहीर केले ते मार्च २०२० मध्ये, जग टाळेबंदीत जात असताना. त्यानंतर समुद्र शांत झाला तो संरक्षणाने की पर्यटक न आल्याने? बेलीझचा करार झाला नोव्हेंबर २०२१ मध्ये, महामारीने खड्ड्यात गेलेले राष्ट्रीय उत्पन्न वर येत असताना. कर्जाचे उत्पन्नाशी प्रमाण घसरले त्यात कराराचा वाटा किती आणि परतलेल्या पर्यटनाचा किती? गॅबाँने ऑगस्ट २०२३ मध्ये ५० कोटी डॉलरचा करार केला आणि त्याच महिन्याच्या ३० तारखेला तिथे लष्कराने सत्ता घेतली. सात-आठ देश आणि प्रत्येकाशी जोडलेला असा एकेक भूकंप. यातून कार्यकारणभाव वेगळा काढणे ही गणनशक्तीची अडचण नव्हेच. मॉडेल कितीही मोठे करा, देशांची संख्या वाढत नाही.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. या क्षेत्रातली सर्वात धारदार टीका कोणत्याही विदासाठ्यातून निघाली नाही, ती साध्या गुणाकारातून निघाली. मार्च १९८८ मध्ये बोलिव्हियाने देणगीच्या ३.४ कोटी डॉलरमधून आपले सुमारे ३०.८ कोटींचे कर्ज बाजारातून परत घेतले. डॉलरला अकरा सेंट; वरवर पाहता लूटच. जेरेमी बुलो आणि केनेथ रोगॉफ या अर्थशास्त्रज्ञांनी विचारले, की आधी ६७ कोटींचे कर्ज सहा सेंटांना विकले जात होते, म्हणजे बाजाराच्या लेखी त्याची किंमत ४.०२ कोटी. खरेदीनंतर उरलेले ३६.२ कोटी अकरा सेंटांना विकले जाऊ लागले, म्हणजे ३.९८ कोटी. ३.४ कोटी खर्चून बोलिव्हियाच्या डोक्यावरचा खरा बोजा कमी झाला किती, तर चार लाखांनी. बाकीचा पैसा गेला सावकारांच्या खिशात, कारण कर्ज कमी होणार ही बातमीच उरलेल्या कर्जाचा भाव चढवते. आता, अलीकडच्या करारांत रोख्यांचा मोठा भाग एकदम आणि ठरल्या भावाने उचलला जातो, त्यामुळे हा दोष तिथे जसाच्या तसा चिकटवता येणार नाही, हे खरे. पण मुद्दा पद्धतीचा आहे. त्या वेळचे सगळे छापील साहित्य यंत्राला दिले असते, तर ‘बोलिव्हियाचे कर्ज जवळपास निम्मे झाले’ असे त्याने निःशंकपणे सांगितले असते. मजकुरात तेच तर होते. कर्ज निम्मे होऊनही बोजा तितकाच राहतो, हे कोणत्याही प्रसिद्धिपत्रकात लिहिलेले नसते. ते विचारावे लागते.

आणि या विषयावरचा मजकूर लिहितो कोण? करार जुळवणाऱ्या संस्था, हमी देणाऱ्या बँका, श्रेय घेणारी सरकारे. टीकाकार थोडे, त्यांची पत्रके त्याहून थोडी. मच्छीमार संघटनांचे म्हणणे बहुधा स्थानिक भाषेतल्या सभांतच राहते. भाषा-मॉडेल या ढिगाऱ्याची सरासरी काढते, आणि ज्याने जास्त पाने छापली त्याचे म्हणणे सरासरीत जड होते. यंत्र पक्षपाती आहे असा आरोप मी करत नाही. त्याच्यापुढे टाकलेली फाइल पक्षपाती आहे.

तिसरी अडचण गुप्ततेची. इथे थोडे थांबावे लागेल, कारण सगळ्या वादाची खिळी इथेच आहे. २०१३-१४ मध्ये मोझांबिकच्या तीन सरकारी कंपन्यांनी सरकारच्या हमीवर सुमारे दोन अब्ज डॉलर उचलले. त्यांपैकी एक कंपनी म्हणे ट्यूना माशांच्या मासेमारीसाठी होती. हमीचा मोठा भाग संसदेपासूनही लपवलेला होता आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीपासूनही. २०१६ मध्ये तो उघड झाला, मदत थांबली, चलन कोसळले, आणि जगातल्या अतिगरीब देशांपैकी एकाला न घेतलेल्या माशांचे कर्ज फेडत बसावे लागले. या कर्जांच्या जुळणीत पुढे होती क्रेडिट स्विस. ऑक्टोबर २०२१ मध्ये अमेरिकी आणि ब्रिटिश नियामकांनी या प्रकरणात बँकेकडून सुमारे ४७.५ कोटी डॉलर वसूल केले, शिवाय मोझांबिकचे २० कोटींचे कर्ज सोडायला लावले. आणि पुढच्याच महिन्यात बेलीझचा समुद्र वाचवणारे निळे रोखे जुळवून दिले ते याच बँकेने. दोन्ही व्यवहारांत लबाडी सारखी होती असे मी मुळीच म्हणत नाही. बेलीझच्या बाबतीत तसा आरोपही नाही. म्हणतो ते एवढेच, की २०१५ मध्ये मोझांबिकच्या कर्जाचा अभ्यास जगातल्या सर्वात हुशार यंत्राने केला असता, तर त्याने सुबक तक्ते काढून चुकीचेच उत्तर दिले असते. जो कागद तिजोरीत आहे तो वाचता येत नाही, आणि तो तिजोरीत आहे हेही यंत्राला कळत नाही. उरलेल्या कागदांवरून ते पूर्ण चित्र रंगवून देते, आणि रंगवण्यात त्याचा हात फार सफाईदार आहे.

गुप्तता हा अपघात नाही, हे सांगणारा दुसरा पुरावा आहे. २०२१ मध्ये एडडेटा आणि इतर संशोधन संस्थांनी चीनच्या सरकारी संस्थांनी २४ देशांना दिलेल्या कर्जांचे शंभर करारनामे मिळवून वाचले. माणसांनी, ओळीओळीने. गोपनीयतेची कलमे त्यांत सर्रास आढळली. कर्जदाराने कर्जाच्या अटी, कधीकधी कर्जाचे अस्तित्वही, बाहेर सांगायचे नाही. तो अभ्यास गाजला तो वाचण्याच्या वेगामुळे नव्हे. शंभर करारनामे हाती लागले यामुळे. यंत्राचे समर्थक वेगाबद्दल बोलतात आणि मिळवण्याबद्दल गप्प असतात, हे मला खटकते.

उलट बाजूचे एक उदाहरण फार बोलके आहे. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांची चित्रे १९७२ पासून साठत होती. २००८ मध्ये तो साठा सर्वांना फुकट खुला झाला, आणि पाचच वर्षांत, २०१३ मध्ये, साऱ्या जगातल्या जंगलांच्या घटीचा तीस मीटर बारकाईचा नकाशा तयार झाला. संगणक आधीही होते, हुशार माणसेही होती. दार उघडल्यावर काम झाले.

आता यंत्राच्या विरोधकांकडे वळतो, कारण त्यांच्या सर्वात चांगल्या मुद्द्याला त्यांनी स्वतःच पुरता न्याय दिलेला नाही. ‘वसाहतवाद’ हा शब्द फेकून ते मोकळे होतात. इतिहास उलगडत नाहीत. १८७५ च्या अखेरीस इजिप्त दिवाळखोरीच्या तोंडावर असताना ब्रिटनने स्टीफन केव्ह यांना तिथे पाठवले ते कशासाठी? फक्त हिशेबांचा अभ्यास करण्यासाठी. पुढच्याच वर्षी युरोपीय सावकारांच्या वतीने इजिप्तचा महसूल गोळा करणारे ऋणमंडळ स्थापन झाले, आणि १८८२ मध्ये ब्रिटिश फौज उतरली. ऑटोमन साम्राज्यात १८८१ मध्ये तसेच ऋणप्रशासन आले. त्याच्या हाती मीठ, तंबाखू, मुद्रांक, मद्य आणि रेशमाबरोबर मासेमारीवरचा करही गेला. मासे! सव्वाशेहून अधिक वर्षांनी पुन्हा एकदा परदेशी धनकोला दुसऱ्याच्या समुद्रातले मासे कसे धरले जातात यात रस निर्माण झाला आहे. हेतू बदलला आहे, हे मी मान्य करतो. महसूल उपटणे आणि प्रवाळ वाचवणे एका तागडीत घालता येत नाही. पण ‘अभ्यास’ ही निरुपद्रवी क्रिया नसते, कोण कोणाचा अभ्यास करतो यात सत्ता असते, हे इजिप्तने शिकवले आहे. आजच्या कराराखालचा कर्जदार देश उपग्रहांच्या नजरेखाली आहे. ठरलेला टप्पा चुकला तर त्याला दंड आहे. जुळणी करणाऱ्या बँकेने किती फी घेतली, विम्याचा हप्ता किती, वकिलांचे बिल किती, हे कोणत्या उपग्रहातून दिसते?

पण यावरून ‘म्हणून यंत्र नको’ हा निष्कर्ष निघत नाही. सावकाराचे हिशेब वाचायलाही यंत्रच लागेल, हा निघतो. ऐंशी-नव्वद वेगवेगळ्या कर्जकरारांतली फीची, दंडाची, वादनिवारणाची कलमे शेजारी शेजारी मांडणे, एका देशाला लागलेला विम्याचा खर्च दुसऱ्याशी ताडणे, हे काम कंटाळवाणे आहे, त्यातले प्रत्येक उत्तर मूळ पानाशी पडताळता येते, आणि भाषा-मॉडेल यात खरोखर कामाचे आहे. ते मधूनच धादांत खोटे कलम रचून सांगते, हा आक्षेप बरोबर आहे. पण मूळ कागद सर्वांसमोर असेल तर खोटे कलम तासाभरात पकडले जाते. कागद बंद असेल तर तेच खोटे अहवालातून अहवालात फिरत राहते.

पडताळणी किती महत्त्वाची, याची गोष्ट कर्जाच्याच अभ्यासातली आहे, आणि तिच्यात पुन्हा रोगॉफच आहेत. २०१० मध्ये कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांनी मांडले, की सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेले की वाढ झपाट्याने घसरते. काटकसरीचा आग्रह धरणाऱ्या राजकारण्यांनी तो आकडा डोक्यावर घेतला. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने मूळ एक्सेल फाइल मागून घेतली, आणि तीत सरासरी काढताना पाच देशांच्या ओळीच सुटल्याचे दिसले. ही आणि इतर निवडी दुरुस्त केल्यावर उणे ०.१ टक्के सरासरी वाढीची अधिक २.२ टक्के झाली. सावकारांच्या फायद्याचा गुणाकार १९८८ मध्ये पकडणारा अर्थशास्त्रज्ञ साध्या तक्त्यात फसू शकतो, यात लाज वाटण्यासारखे काही नाही. लक्षात घ्यायची गोष्ट अशी, की फाइल देता येण्यासारखी होती, ती दिली गेली, आणि चूक सेलमध्ये बोट ठेवून दाखवता आली. अब्जावधी भारांकांच्या, म्हणजे शिकताना आत साठलेल्या आकड्यांच्या, मॉडेलमध्ये बोट कुठे ठेवणार? म्हणून यंत्राचा आधार घेणाऱ्या प्रत्येक अभ्यासाने कोणते दस्तऐवज दिले, नेमके काय विचारले, कच्चे उत्तर काय आले आणि त्यातले किती माणसाने मूळ पानाशी ताडले, एवढे तरी जाहीर केले पाहिजे. हे न करता छापलेला तक्ता म्हणजे सुटलेल्या पाच ओळी कायमच्या पुरणे.

माहिती मिळाली तरी निर्णय आपोआप होत नाही, हा आणखी एक आक्षेप. तो मला सर्वात अस्वस्थ करतो, कारण त्याला पुरे उत्तर नाही. ब्राझीलची अंतराळ संशोधन संस्था ॲमेझॉनवर दशकानुदशके उपग्रहांतून नजर ठेवून आहे. २००४ मध्ये तत्काळ इशारा देणारी यंत्रणा सुरू झाली तेव्हा वर्षाला २७ हजार चौरस किलोमीटरहून अधिक जंगल तुटत होते. २०१२ पर्यंत ते साडेचार हजारांवर आले. इशाऱ्यामागे धाडी होत्या, दंड होते, इच्छा होती. २०१९ मध्ये तीच यंत्रणा तितक्याच अचूकपणे तोड वाढल्याचे सांगू लागली, तेव्हा सरकारने संस्थेचे प्रमुख रिकार्दो गाल्व्हाव यांना पदावरून दूर केले. आकडे उघडे होते म्हणून निदान कोणी काय केले ते जगाला दिसले. याहून मोठा दावा मी उघडेपणासाठी करणार नाही.

आणि काही गोष्टी कोणत्याच कागदात नसतात. १९८७ च्या त्या पहिल्या करारात बेनीच्या जंगलात राहणाऱ्या त्सिमाने आणि इतर आदिवासींना कोणी विचारले नव्हते. सरकारने आपला स्थानिक चलनातला वाटा भरायलाही १९८९ उजाडवले. १९९० मध्ये हे लोक बोलिव्हियातल्याच त्रिनिदाद शहरातून निघून, सखल जंगलातून अँडीज चढत, शेकडो किलोमीटर चालून ला पाझला पोहोचले, आणि तेव्हा कुठे त्यांच्या प्रदेशांना सरकारी मान्यता मिळाली. करारनाम्याच्या भाषेत पाहिले तर तो व्यवहार यशस्वी होता. जमीन कोणाची, हा प्रश्न त्यात आलेलाच नव्हता. अशा समाजांच्या भाषांतला मजकूर यंत्राच्या शिदोरीत जवळपास शून्य. तेव्हा यंत्राने अभ्यास करताना ‘स्थानिकांचा पाठिंबा’ असा रकाना भरला, तर तो कोणाच्या तोंडून भरला हे विचारायलाच हवे. तिथे माणूस जाऊन बसला पाहिजे, दुभाषा घेऊन, महिनोन्महिने. याला स्वस्त पर्याय नाही, आणि यंत्रामुळे वाचलेला पैसा इथे लावावा अशी माझी सूचना आहे.

शेवटी एका न विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाकडे यंत्र वळवता येईल. हे सगळे अभ्यास कराराची तुलना करतात ती करार न होण्याशी. खरा पर्याय तो नव्हे. २०२२ मध्ये नाणेनिधीच्याच अर्थतज्ज्ञांनी एका शोधनिबंधात दाखवले, की बहुतेक परिस्थितींत अशा अदलाबदलीपेक्षा सरळ अटींचे अनुदान किंवा सर्वंकष कर्जफेररचना जास्त कार्यक्षम ठरते. मधल्या गुंतागुंतीचा खर्च वाचतो. हे तपासण्याजोगे आहे, आणि कोणाची तिजोरी न उघडता. १९९६ मध्ये नाणेनिधी आणि जागतिक बँकेने अतिकर्जबाजारी गरीब देशांसाठी योजना आणली. तिच्याखाली ३७ देशांना, त्यांतल्या ३१ आफ्रिकी, निसर्गरक्षणाच्या बदल्यात नसलेली कर्जमाफी मिळाली. कोणाला कधी मिळाली याच्या तारखा सार्वजनिक आहेत. त्या तारखांच्या आधीची आणि नंतरची उपग्रहचित्रे फुकट आहेत. सदतीस देश म्हणजे सात-आठांपेक्षा बरी संख्या. कर्जाचा हप्ता हलका झाल्यावर जंगल तोडून डॉलर कमावण्याची घाई कमी झाली, की रस्ते आणि खाणी काढायला हात मोकळे झाले? यंत्र-शिक्षणाला साजेसा प्रश्न असेल तर तो हा आहे. अशी माफी मिळालेल्या देशांत जंगल तितकेच टिकले असे निघाले, तर अदलाबदल जुळवणाऱ्यांना आपली फी कशाबद्दल होती ते सांगावे लागेल. उलटे निघाले, तर खुलासा माझ्यासारख्यांनी करायचा.